किराळ

मुंजाजी मानवतहून आले.
खिशात पुडी, पुडीत माती.
म्हणाले, जिथं कालवड पडली तिथलीच आणली.

ज्वारी कापल्यावर धसकटांतून फुटलेले फुटवे,
वीतभर, हिरवेगार.
दाव्याची गाठ सैल होती, एवढंच.
"किराळ लागली, मॅडम. गूळपाणी पाजलं.
डाक्टर येईस्तोवर डोळे फिरवले.
पण रक्त कसं लालबुंद, जित्या जनावराचं असावं तसं."

मी बोलले नाही की त्या लालीतच सगळं आलं:
रक्त प्राणवायू घेऊन दारोदार फिरतं
आणि आतून कुणी कडी काढत नाही.

परभणीत त्या आठवड्यात रोज दुपारी वीज जायची.
शाहीननं माती पाण्यात कालवली, ताटल्यांवर पसरली,
नत्र म्हणून फक्त सायनाइड दिलं.
बाटली तीच उघडते.
कडू बदामाचा वास तिला येतो,
मला येत नाही. काहींना जन्मतःच येत नाही म्हणे.
तिच्या नाकावर मी बारा वर्षं जगतेय.

एकेचाळीस ताटल्या कोऱ्या राहिल्या.
बेचाळिसावीत, कडेला, मोहरीएवढा ठिपका.

त्याच्या आत एक विकर आहे.
त्याला हात नाहीत, एक खोबण आहे,
खोबणीच्या तळाशी जीवनसत्त्वाचा पिवळा कण,
उंबऱ्यावर लावलेल्या हळदीसारखा.
सिस्टीन येऊन तिथं टेकतं. त्याचं गंधक सुटतं.
रिकाम्या जागी सायनाइड बसतं:
एक कार्बन, एक नायट्रोजन,
एकमेकांना तीन वेढ्यांनी आवळलेले.

हे झालं अमिनो आम्ल.
अजून पुरतं गरीब नाही, थोडा डंख आहे.
मग दुसरं विकर येतं, पाण्याचा एक रेणू घालतं,
शिळ्या भाकरीवर शिंपडावा तसा,
आणि ॲस्पराजिन तयार.
त्याचं प्रथिन होतं. त्याचं अंग होतं.

सुटलेल्या गंधकाचा वास मात्र मलाही आला.
शिशाची पट्टी काळी पडली
आणि व्हरांड्यातून शिपाई ओरडला,
सडकी अंडी कुणी आणली?
आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो.

संध्याकाळी मुंजाजींना फोन लावला.
विष खाणारा एक जीव तुमच्या मातीत आहे, म्हटलं.
"मंग तिला काहून नाही वाचवलं त्यानं?"

तो मुळांपाशी होता, मुंजाजी.
तिच्या पोटात दुसरे होते.
ज्वारी विष साखरेला बांधून ठेवते.
त्यांनी गाठ सोडली, साखर खाल्ली,
विष मोकळं केलं.
तेही आपलं पोटच भरत होते.

पलीकडे मोटार चालू असल्याचा आवाज.
मग ते म्हणाले,
"उरलेली माती परत मिळंल का?"

फ्रीजमध्ये चार चमचे होती.
शाहीननं नवा कागद घेतला,
पुडी बांधली,
दोरा दोनदा गुंडाळून गाठ आवळली,
आणि पुन्हा एकदा आवळली.