पट्टे

पाल-जळगाव गाडीच्या कंडक्टरकडून
महिन्यातून एकदा चपलांचा खोका येतो.
आत खाकी पाकिटं, पाकिटांत सिलिकाचे दाणे,
दाण्यांत वाळलेली वाघाची, किंवा बिबट्याची,
किंवा नुसत्याच एखाद्या कोल्ह्याची विष्ठा.
“मिरचीपावडर का, मॅडम?”
मी हो म्हणते.

बाहेर सेहेचाळीस, आत फ्रीझरात उणे वीस.
मधे मी, आणि एक जनरेटर,
लाइट गेली की आधी विचार करणारा.

प्रत्येक पाकिटावर तेच अक्षर, डावीकडे कललेलं:
लंगडा आंबा, नाल्याच्या वळणावर, सकाळी सहा वीस.
जामन्या, ओली होती, सावलीत वाळवली.
आणि त्याचा ‘ळ’,
दोनाऐवजी तीन वेटोळ्यांचा,
जणू लिहिता लिहिता वाट चुकलेला.

काम असं: खरवडायचं, भिजवायचं, फिरवायचं,
थेंबभर उरेल ते चाळीसदा तापवायचं, चाळीसदा निववायचं.
शेजारच्या नळीत नुसतं पाणी.
पाण्यात काही दिसलं तर आठवडा वाया.
एकदा दिसलं.
हैदराबादला तसंच कळवलं.
तिकडून एक ओळ: कृपया पुन्हा करावे.
केलं.

संध्याकाळी जेलखाली जांभळा दिवा लावला
की अंधारात ते उगवतात.
वाघ माझ्यापुरता एवढाच:
काळ्यावर नारिंगी, आडवे, नखाएवढे पट्टे.

नमुना तेवीस. मादी.
हैदराबादच्या बाईंनी जुन्या यादीशी ताडून पाहिलं,
दोन वर्षांपूर्वी मेळघाटात नोंदलेली तीच ही.
म्हणजे चालत आली.
कपाशीतून, केळीच्या बागांतून, ठिबकच्या नळ्या ओलांडत,
रात्रीच्या मालगाडीला आधी जाऊ देऊन,
कुणाच्या तरी अंगणातल्या खाटेला वळसा घालून.
खाटेवरचा माणूस कूस बदलून झोपला असेल.

निबंध छापून आला. अकरा नावं, तीन संस्था.
शेवटी, आभारांच्या बारीक टायपात, मी.
वाईट वाटलं नाही.
थोडं वाटलं.
पाकिटांवरच्या अक्षराला तर नावच नव्हतं,
‘वनकर्मचारी’ एवढाच शब्द.

मग चैत्रात एक माणूस आला,
घामाने पाठीला चिकटलेला खाकी शर्ट, हातात टोपी.
दारातल्या रजिस्टरात वाकून लिहू लागला.
मी समोरून, उलटं वाचत होते.
‘कामाचे कारण’: वाघिणीची ओळ...
आणि ‘ळ’ला तिसरं वेटोळं पडलं.
नावाच्या रकान्याकडे मी बघितलंच नाही.
“तुम्ही लंगडा आंब्याचे,” म्हटलं.
तो दचकला,
स्वतःचाच ठसा दुसऱ्याने ओळखल्यासारखा.

तेरसिंग पावरा. नोकरीची बावीस वर्षं.
सागाची ओरबाडलेली साल, चितळाची हाडं,
प्लास्टरमधे उचललेली पावलं, सगळं त्याच्याकडे.
ती नाही. एकदाही दिसली नाही.
“तेवीस नंबरवाली दाखवा ना.”
त्याला वाटलं होतं, आमच्याकडे फोटो असेल.

मी जेलचा कागद टेबलावर ठेवला.
पंखा बंद केला, कागद उडत होता म्हणून.
तो बघत राहिला. खूप वेळ.
मग पट्ट्यांच्या एका जोडीवर नख:
“हाऊ मायना, हाऊ बापना?”
एक आईचा, एक बापाचा खरा,
पण कुठला कुणाचा, ते नाही सांगता येत, मी म्हटलं.
“आसंच ऱ्हास,” तो हसला.
झेरॉक्सची चौघडी करून खिशात घातली,
खिशाचं बटण लावलं,
ते लागलंय का, पुन्हा चाचपलं.

पुढचा खोका उशिरा आला.
पाकीट एकसष्ट. सुकी नदी, वाळूत, पहाटे.
खाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे:
सोबत लहान पाऊल वाटतं. दोन असतील. खात्री नाही.

लाइट होती.
मी हातमोजे बदलले,
आणि आधी पाण्याची नळी भरली.