माल हालता कामा नये

सावद्याला निघायच्या आधी
बकलाला हाताची उलटी बाजू लावून बघते.
मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं लोखंड
तव्यापेक्षा फार वेगळं नसतं.
ओला पंचा टाकून ठेवला होता, तरी.

रेवा दहा महिन्यांची, नऊ किलो शंभर ग्रॅम.
मागच्या सीटवरच्या तिच्या खुर्चीत
मागे तोंड करून बसते,
जळगाव लांब जाताना बघत.

माहेरी त्या खुर्चीला नावं ठेवायचं
कुणी बाकी राहिलं नाही.
"पोरीले बांधून ठेवली वं माय, वासरावानी!"
यमुनाकाकू म्हणाल्या,
"मांडी कमी पडली काय तुही?"
मावसभावाने किंमत विचारली
आणि तेवढ्यात काय काय आलं असतं
ते बोटांवर मोजून दाखवलं.

मी वाचलेलं सगळं बोलून पाहिलं.
वेग, वजन, नाजूक मान,
अजून न भरलेली टाळू.
चहात बिस्किट बुडावं तसं
ते सगळं बुडालं.

नाना गप्प होते.
खुशालनाना, चाळीस वर्षं केळीचे ट्रक भरणारा माणूस.
घडाखाली वाळली पत्ती, घडावर पत्ती,
दोन घडांमध्ये बोट जाईल एवढीही फट नाही.
माल दिल्लीला उतरला
तरी सालीवर काळा डाग नाही,
ही त्यांची आयुष्यातली एकमेव बढाई.

ते उठले, अंगणात गेले, गाडीचं दार उघडलं.
खुर्ची दोन्ही हातांनी धरली
आणि दोर आवळून झाल्यावर
भरलेल्या मालाला देतात तसा हिसडा दिला.
खुर्ची हलली.
चांगली चार बोटं.

चार महिने मला वाटत होतं
मी ती नीट बसवली आहे.

"सैल हाये हे, हर्षे."
गुडघा रोवला, अंगाचा सगळा भार टाकला,
पट्टा ओढला, पुन्हा ओढला.
पुन्हा हिसडा.
या वेळी गाडी हलली, खुर्ची नाही.

मग रेवाला बसवली.
पाठीखालची आईची दुपटी पाहिली:
"हे काढ. माल आन दोराच्या मधात
मऊ काही ठेवलं, तं ते दबते,
आन दोर सैल पडते."
खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला.
चिमटीत आला. आवळला.
मग चिमूट नुसती घसरली.
रेवा त्यांच्या मिशीकडे टक लावून बघत होती.

दार लावता लावता म्हणाले,
माझ्याकडे न बघता,
"घाटात, मी मालावर बसेल व्हतो.
जवान व्हतो. एका घडाले मिठी मारेल व्हती.
डायवरनं ब्रेक मारला.
ईस किलोचा घड.
हातातून कवा गेला, समजलंच नाही."

त्यांचं उजव्या हाताचं वाकडं बोट
लहानपणापासून बघत आले.
कशाने वाकलं, कधी विचारलं नव्हतं.

मांडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.
यमुनाकाकू एवढंच म्हणाल्या,
पोरीला घाम येतोय.
तेही खरंच होतं.

परत येताना रेवा फैजपूरपासून रडली.
तापीच्या पुलावर तर इतकी
की हात आपोआप बकलाकडे गेला असता,
पण मी स्टिअरिंगवर होते.
पूल ओलांडून लिंबाखाली गाडी लावली,
तिला काढलं, दूध पाजलं, वारा घातला,
आणि पुन्हा बांधली.
ती पुन्हा रडली.
पुढून केळीचे ट्रक जात राहिले, गच्च, न हलता.

रस्त्यात काहीही झालं नाही.
रोज हजारो गाड्यांचं होतं तसंच,
काहीही झालं नाही.

पूर्वी नानांचा फोन यायचा घरी आल्यावर,
"पोचली का?"
आता निघायच्या आधीच येतो,
"हालवून पाह्यली का?"
हो म्हणते,
आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरून
दोन्ही हातांनी
पुन्हा एकदा हलवून बघते.