शून्य पूर्णांक दोन

नासिएकू फळ्यावर टर्बाइनभोवती
खडूची तुटक रेघ काढते,
काट्यांच्या कुंपणासारखी : आरपार दिसणारी.
रेघेच्या आत जे येईल ते मोजायचं,
बाहेर जाईल तेही.
मधे काही साचत नाही असं धरायचं.
स्थिर प्रवाह म्हणजे एवढंच :
दिवसरात्र वाफ पोटातून जाते
आणि पोट होतं तेवढंच राहतं.

आत : सेकंदाला चाळीस किलो.
बाहेर, कंडेन्सरच्या तोंडाशी :
एकोणचाळीस पूर्णांक आठ.

"मीटर तेवढं खोटं बोलतोच,"
वाफुला चहात साखर ढवळत म्हणतो.
"अर्धा टक्का. सोडून दे."

ती पारमुआतची मुलगी.
तो गुरं आकड्यानं कधी मोजत नसे;
आकडा तोंडातून निघाला की गूर दगावतं, म्हणायचा.
दिवस बुडताना फाटकाशी उभा राहून
नुसता बघायचा :
बांडी, खैरी, शिंग मोडलेली कवडी,
तिच्यामागून नेहमी उशिरा येणारी तांबडी कालवड.
आणि मधेच मान वर करून,
"मोरी कुठाय?"
शंभरांत एक नसायची.
त्याला रंगात पडलेलं भोक दिसायचं.

वाफेला रंग नाही.
म्हणून दुसरा हिशेब, ऊर्जेचा.
येताना प्रत्येक किलोच्या पदरात
दोन हजार सातशे छप्पन्न किलोज्यूल,
जाताना दोन हजार दोनशे तेहेतीस,
ओलसर, दमलेली, कडेनं थेंब धरलेली.
वेगाचा वर्ग भागिले दोन, उंचीतला फरक,
कवचातून झिरपणारी ऊब :
ती तिन्ही पदं लिहिते, बघते, खोडते.
उरतात पाचशे तेवीस, पात्यांनी काढून घेतलेले.

चाळीस गुणिले पाचशे तेवीस.
दांड्यावर वीस हजार नऊशे वीस किलोवॅट हवेत.
बेअरिंगचं घर्षण धरूनही
शंभर कमी भरतात.

शंभर भागिले पाचशे तेवीस :
शून्य पूर्णांक एकोणीस.
दोन साक्षीदार, एकमेकांची तोंडओळख नसलेले,
एकच गोष्ट सांगतात :
ती वाफ पात्यांपर्यंत आलीच नाही.

हेल्मेट घालून ती नळाच्या कडेनं चालत निघते.
विहिरींपासून येणारा चंदेरी नळ,
जिराफांना जाता यावं म्हणून
जिथं कमान करून वर उचललाय,
तिथं निचऱ्याची जुनी झडप, पाव फेरा उघडी.
समोर तिरका टेकवलेला पत्रा.
वाफ पत्र्याला लागते, घाम होते,
घाम ओघळून कापलेल्या पिंपात पडतो.
मिनिटाला बारा किलो. निम्मी उडून जात असेल.
उरलेल्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास.

चिखलात खुरं. लेंड्या.
टायरच्या चपलेचा ठसा,
डावा पाय जरा फरफटलेला.

नळ आला त्या वर्षी इथलं गवत
रेघेच्या आत गेलं होतं.
तेव्हा ती सहावीत होती,
आणि नकाशावरचं ते तुटक कुंपण
तिनंच त्याला वाचून दाखवलं होतं.

ती झडपेला हात लावते. गरम.
हात तसाच ठेवते.

परतल्यावर फळ्यावरची रेघ पुसते,
नव्यानं काढते, जरा ऐसपैस :
टर्बाइन, कमान, पत्रा, पिंप आत घेऊन.
बाहेर जाणारा एक बाण वाढतो.
दोन्ही बाजू जुळतात.

"गळती सापडली?" वाफुला विचारतो.
"गळती नाही. एक प्रवाह नोंदवायचा राहिला होता."

वहीत लिहिते : निचरा सात. चालू.
'दुरुस्ती'चा रकाना कोराच ठेवते.
उद्या वरून कुणी विचारेल, तेव्हा
तिच्याकडे काय उत्तर असेल
ते तिलाही ठाऊक नाही.

रात्री फोनवर ती एवढंच म्हणते,
"बाबा, सापडलं. किती ते सांगू?"

पलीकडे घंटा वाजतात, गुरं बसताहेत.
"आकडा सांगू नकोस,"
पारमुआत म्हणतो.