चौदा दिवसांपुरता

सिडकोतल्या दहा बाय बाराच्या खोलीत
रात्री अकराला पियानो उतरवायला घेतला.
फुकटातला, चौदा दिवसांपुरता.
मोबाइलच्या नेटवर चार जीबी:
बावीस मिनिटं बाकी, मग एकोणीस,
मग पुन्हा बावीस.

पडद्यावर काळं चकचकीत लाकूड.
झाकण किती उघडू, विचारतो.
हातोडीचा नमदा किती झिजलेला हवा?
पेडलची करकर हवी का?
करकरीला वेगळं बटण!
सातपूरला कंपनीत करकर आली
की मी लाल चिठ्ठी लावतो.

ए म्हणजे सा, एस म्हणजे रे.
ज्या ओळीवर दिवसभर रिजेक्शनचे रिपोर्ट बडवले
तिच्यावरच बोटं ठेवली.
हळू दाबलं, जोरात दाबलं,
आवाज एकच.
आणि तोही जरा मागून,
बोट उचलल्यावर, आलो आलो करत.
सेकंदाचा दहावा भाग असेल.
माझा हात मायक्रॉनवर पोसलेला,
त्याला कळतो.

शांतवन सरांचा पियानो शरणपूरला होता,
चर्चमागच्या खोलीत, सतरंज्यांच्या थप्पीशेजारी.
त्याचा मधला पंचम मुका.
तार तुटलेली. मुंबईहून माणूस येणार होता,
तो माझ्या सातवीपासून दहावीपर्यंत येणारच होता.
थांबायचं नाही, सर म्हणायचे,
तिथं तोंडानं म्हणा.
मग आम्ही सहा पोरं पाळीपाळीनं पट्ट्यांवर
आणि पंचम आला की सगळीच एकदम मान वर करून
पऽऽ
करुणा पगारेचा सगळ्यांत चढा, अर्धा हसण्यात गेलेला.

पुढं पियानो गेला.
वाळवी, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, विकला.
सर गेले तेव्हा माझी सेकंड शिफ्ट होती.

हा नवा अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी बोलतो.
कुठल्यातरी थंड गावात कुणीतरी
एकेक पट्टी दाबून
नाद पुरता विझेपर्यंत बसलं असणार, न हलता,
शिंक आवरून.
त्याचं ते गप्प बसणंही
चार जीबीत धरलेलं.

शोधता शोधता एका कोपऱ्यात यादी सापडली,
पट्टीगणिक सूर, ताण, आवाज.
मधल्या पंचमाचा आवाज ओढत ओढत
शून्यावर आणला.
बारा वाजून गेलेले.
भिंतीपलीकडं शेवाळे, नोट प्रेसची पहिली पाळी,
पाचला उठणारे.

सा, रे, ग, म,
आणि तोंड उघडलं.

फाटला. पार फाटला.
पस्तीस वर्षांची तंबाखू, कूलंटची वाफ, सगळी त्यात.
पण बोटाबरोबर आला,
केसाचाही फरक नाही.

पलीकडून भिंतीवर दोन थापा पडल्या.
पडद्याच्या खाली उमटलं, तेरा दिवस शिल्लक.
मी खिडकी लावून घेतली
आणि पुन्हा ए वर बोट ठेवलं.