डाव्या पायाला काम नाही

आधी वास घ्यायचा.
इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढायची,
थेंब बोटावर घ्यायचा.
गिअरबॉक्सचं नवं तेल डाळिंबासारखं लाल असतं.
हे काकवीच्या रंगाचं,
आणि वर करपलेल्या शेंगदाण्याचा दर्प.
'कधी बदललं होतं?'
वैजनाथ कातकडे म्हणाले,
'ते बदलायचं असतं, हे आजच कळलं.'

जालन्यातली औद्योगिक वसाहत. मागे सळईच्या भट्ट्या,
पुढे आमचं गॅरेज,
मधे मार्चमधलंच एकेचाळीस अंश ऊन.
शेंद्र्याच्या पलीकडे कुण्या कंपनीनं
गाड्या तपासायला बांधला आणि सोडून दिला,
तो दोन किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता
रविवारी भाड्यानं मिळणार होता.
बावीस गाड्या. एकवीस गिअरच्या.
ही एकच ऑटोमॅटिक.

'बिनगिअरची आणताय? मग झोपाळाही बांधा,'
फोनवर कुणीतरी म्हणालं होतं.
कातकडेंनी ते हसत सांगितलं.
वहीदचाचा हसले नाहीत.
'गिअर हैत, पोरी. सहा हैत.
फक्त तुला इचारून बदलत नाहीत.'

तेल बदललं. दोनदा, कारण एकदा बदलून
अर्धं जुनं आतच राहतं, पोटात ठेवलेल्या गोष्टीसारखं.
भंगार बाजारातून टेम्पोचा कूलर आणला,
रेडिएटरच्या पुढे बसवला.
तेलानं तेल घुसळतो हा डबा, ताकासारखं,
आणि तापला की आधी रुसतो, मग जळतो.
ब्रेकचं तेलही काढलं. ते हवेतलं पाणी पितं,
उतरणीवर नाही कळत, सातव्या फेरीत कळतं.

मग वजन.
स्टेपनी, जॅक, पायपुसणी,
सुकून खडा झालेली दोन मोसंबी.
मागच्या सीटखाली चार बूट.
चारही डाव्या पायाचे. तळ कोरे.
मी सीटखाली वाकलेलीच राहिले.
'जोडीनंच देतात ना दुकानदार,'
कुबडीवर रेलून कातकडे म्हणाले.
'रोलिंग मिलनं एक ठेवून घेतला,
दुकानाला काय त्याचं?
काढा, काढा. तेवढंच हलकं.'

चाचाच्या आधी हे माझ्याच लक्षात आलं
याचा मला अजून थोडा गर्व आहे:
वळणावर ड्रायव्हर स्टिअरिंगला लोंबकळत नाही,
डावा पाय रेटून स्वतःला धरतो.
क्लच नसला तरी त्या पायाला
तेवढं एक काम असतं.

गुडघा होता. गुडघ्याखाली नव्हतं काही.
मी मधल्या कन्सोलला पत्रा वाकवून ठोकला,
त्यावर फोम, फोमवर
त्या बुटांचे तळ कापून, उलटे, खाचा बाहेर.
कातकडे बसले. गुडघा टेकवला. रेटला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, 'जरा वर घ्या. बोटभर.'

रविवारी टायरची हवा चार पाउंड कमी,
चाकांचे नट मी दोनदा आवळले,
चाचांनी तिसऱ्यांदा, माझ्यावर विश्वास असूनही.
सहा फेऱ्या. सातवी सावकाश, सगळं निवायला.
शेडखाली आल्यावर मी ओरडले,
'हँडब्रेक नको! चिकटेल!'
आणि विटा घेऊन धावले.

झोपाळावाला पोरगा जवळ आला.
कूलर बघितला, गुडघ्याखालचा पत्रा बघितला.
'काका, त्या शेवटच्या वळणावर कितवा होता?'
'मी तिसरा धरला होता.
पाय दाबला तर हिनं दुसरा टाकला.
मला काय विचारतो, हिला विचार,'
म्हणत कातकडेंनी बॉनेटवर थाप मारली
आणि चटका बसून हात झटकला.

चाचा पाण्याची बाटली घेऊन येत होते.
'पंधरा मिनिटं,' ते म्हणाले,
गाडीला की माणसाला, कळलं नाही.
कातकडे खाली उतरलेच नाहीत.
दार उघडं, कुबडी मागच्या रिकाम्या जागेत,
गुडघा अजून तिथंच रेटलेला.