टेबल नंबर नऊ

नेरूळच्या पार्कात,
प्लास्टरच्या डायनासोरच्या पोटात, टेबल नंबर नऊ.
दर दहा मिनिटांनी तो डरकाळी फोडतो
आणि आमचा अडीच वर्षांचा अद्वय टेबलाखाली जातो,
गालातला घास तसाच धरून.

उंच खुर्ची एकच, पट्टा तुटलेला.
शाल्मलीला मी ओढणीने बांधली,
दोन गाठी मारून, मेथीच्या जुडीसारखी.

मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थ कुणाच्या तरी आकाराचा.
तीनशे ऐंशीच्या खिचडीला कानसुद्धा आहेत.
आम्ही गपचूप डबा उघडतो,
मऊ भात, वरण, तूप.
भिंतीवर लिहिलंय, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.
नवरा त्या पाटीला टेकून बसलाय,
अक्षरं झाकली की नियमही झाकेल, असा.

वेट्रेस आली. बिल्ल्यावर प्रमिला भोईर.
तिने डब्याकडे पाहिलं. मी झाकण शोधू लागले.
म्हणाली, गार झाला असेल ना,
थांबा, वाडग्यात गरम पाणी आणते.

तेवढ्यात शाल्मलीने सूर लावला,
भुकेचा, वरच्या पट्टीतला.
प्रमिला जागीच थबकली.
ट्रे छातीशी घट्ट धरला तिने,
तरी ट्रेच्या कडेबाहेर, युनिफॉर्मच्या पिवळ्यावर
एक ओला गोल मोठा होत गेला.

किती महिन्यांचं?
पाच. घणसोलीला, जावेकडे ठेवून...
डायनासोर ओरडला.
पुढचं ऐकू आलं नाही.

गरम पाणी आलं. बिलात ते नव्हतं.

टेबलाखालून अद्वय विचारतोय,
आई, गेला का तो?
नाही रे राजा.
त्याची ड्यूटी आठपर्यंत आहे.