अर्थाची वायर

रासल खैमाच्या सनैयात, सातव्या गल्लीत,
डिसेंबरातही दहाला पत्रा तापतो.
अबू राशिदची घरगाडी येऊन उभी आहे:
अमेरिकन, एकोणनव्वदची, कुशीला तपकिरी पट्टा,
आत शेगडी, दोन बिछाने, सिंकमध्ये कालचे चहाचे पेले
आणि डॅशबोर्डवर पेट्रोलचा एक काटा
ज्याला स्वतःचं मत नाही.

ब्रेक दाबला की टाकी भरलेली.
सोडला की अर्धी.
संध्याकाळी दिवे लावले की पुन्हा वर.
"रात्री जिन येऊन भरून जातात काय रे?"
म्हातारा विचारतो, आणि त्याला हसू येत नाही.
मागच्या थंडीत वाळूत बंद पडला होता, नातवंडांसकट,
काटा अर्ध्यावर असताना.

आधी दोघांनी हात मारून झालाय.
एकानं मीटर बदलला. दुसऱ्यानं टाकी उतरवून फ्लोट.
साडेआठशे दिरहम गेले, काटा तसाच,
पाहुण्यांच्या पोरासारखा, बूड टेकेना.

मी लगेच काही उघडत नाही.
खेडच्या डेपोत तिसेकर मामू वायरमन होते,
तंबाखू मळत म्हणायचे:
आधी गप बस. बिघाड आपणहून बोलतो,
तुझं तोंड मिटलं की.

म्हणून सीटवर नुसता बसून राहतो.
बिष्णू मागे उभा. एकेक लावत जातो.
पार्किंग. ब्रेक. रिव्हर्स.
डावा इंडिकेटर लावला
आणि काटा त्याच ठेक्यात
मान हलवायला लागला. टक. टक. टक.

हां.
मागचे दिवे आणि टाकी
एकाच वाटेनं घरी परततायत,
आणि वाट कुठेतरी खचलीय.

पुठ्ठा टाकून गाडीखाली सरकलो.
चेसिसवर एक बोल्ट, त्याच्यावर हिरवट पांढरा फुलोरा,
पस्तीस वर्षांची खारी हवा, किनाऱ्यावरचे मुक्काम.
मल्टिमीटर लावला: एक पॉइंट आठ.
जवळपास शून्य दिसायला हवं होतं.

"अर्थ गेलाय," मी खालून ओरडलो, मराठीतच.
"काय गेलं?" अबू राशिदचे चप्पल जवळ आले.
काय सांगू? आमच्याकडे हा शब्द
वायरमनचाही आहे आणि पंतोजींचाही.
"जमिनीची तार," म्हटलं. "फार मोठं काही नाही."

साडेबाराला फोन वाजला, हात ग्रीसमध्ये.
जैबुन, खेडहून. बिष्णूनं कानाला लावला.
कशी आहेस? बरी आहे.
घर? बरं आहे.
चौदा वर्षं तिचा काटा मधोमध,
एकदा हलला नाही.
गाडीत असला मीटर असता
तर मी केव्हाच खोलला असता.

तारेच्या ब्रशनं घासलं, लोखंड चमकेपर्यंत.
नवा लग, दातेरी वॉशर, वरून ग्रीस.
चावी फिरवली. काटा उठला
आणि पावच्याही खाली येऊन बसला.
ब्रेक, दिवे, डावा, उजवा. ढिम्म.

म्हातारा नाराज.
"काल अर्धी होती."
"कालही एवढीच होती, बाबा."
त्यानं दीडशे मोजले, वीस परत मागितले,
मग नको म्हणाला,
आणि गाडी थेट पंपाकडे घेतली.

हात धुतले. साबणानं ग्रीस जात नाही, नुसतं पसरतं.
परत फोन लावला, तशाच हातांनी.
कशी आहेस, ते विचारलंच नाही.
जिना चढताना दुखतं का?
डाव्या गुडघ्यात?
रात्री उठावं लागतं?

पलीकडे पंख्याची घरघर.
मी मध्ये बोललो नाही.